घमेल्यातली तापी

नंदुरबारच्या बाजारात यंदाची खरबुजं आली. मी काही ती घ्यायला गेले नव्हते. मीठ आणि काडेपेटी एवढंच आणायचं होतं, आणि लढाई सुरू झाल्यापासून या दोन वस्तू एकाच दुकानात एकाच दिवशी मिळाल्या तर दुकानदाराच्या पाया पडावंसं वाटतं. कोपऱ्यावर एका बाईनं टोपलीवरचं ओलं फडकं उचललं आणि वास आला. पिकलेल्या खरबुजाचा वास नाकात शिरला की माझ्या तळपायांना वाळू लागते. नाकाचा आणि पायांचा काय संबंध, असं आमचे मास्तर विचारतील. मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांना प्रत्येक गोष्टीचा संबंध लावून हवा असतो, शाळेतही ते तेच करतात. मी तिथंच उभी राहिले, त्या बाईनं दोनदा भाव सांगितला, आणि मी काहीच न घेता मीठही विसरून घरी आले.

आमच्या घरी खरबूज येत नाही, हे मास्तरांना लग्नापासून ठाऊक आहे. का येत नाही हे त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. मी म्हटलं, मला सोसत नाही. ते खोटं नव्हतं.

माझं माहेर तापीकाठचं, प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला. संक्रांत सरली की आमची तापी आकसू लागते. पावसाळ्यात जी दोन्ही काठांवर दात काढून धावते, ती माघात एका कडेला सरकून मुकाट वाहते आणि मधली वाळू मोकळी होते. मग भोई मंडळी त्या वाळूत उतरतात. ओल लागेपर्यंत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं, टरबूज-खरबुजाच्या बिया टोचायच्या, उडती वाळू अडवायला तुरीच्या तुरखाट्यांचे कूड रोवायचे. याला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात. चार महिन्यांचा मळा आणि चार महिन्यांचं घर. ज्येष्ठात नदी आली की खुणासुद्धा उरत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पण वाळू त्याच जागी असेल असं नाही.

अशा एका डांगरवाडीत माझी थोरली बहीण बरी होत होती. ‘झाली’ म्हणायला जीभ वळत नाही. होत होती.

तिला सगळे जिजी म्हणत. ती शहाद्याच्या वाटेवरच्या एका मोठ्या घरात दिलेली होती. घर कापसाचं, ओसरीपासून माडीपर्यंत वेचणीच्या दिवसांत कापूसच कापूस. तिचं पहिलं मूल पाळण्यात गेलं आणि त्यानंतर तिला खोकला लागला, तो काही सुटेना. त्यांनी काढे दिले, अंगारे लावले, आणि एका माघात बैलगाडीत गादी घालून तिला आमच्याकडे पोहोचवलं. “बरी व्हयनी का धाडी द्या,” असं तिच्या सासूनं गाडीवानाबरोबर सांगून पाठवलं होतं. त्यात दुष्टावा काही नव्हता. आजारी सुनेनं माहेरी जायचं आणि बरं होऊन परत यायचं, ही रीतच होती.

मी तेव्हा चौदा-पंधराची. गाडीतून उतरलेली जिजी मला ओळखूच आली नाही. पण मला जास्त भीती वाटली ती तिच्या खोकण्याची. ती खोकत नसे, खोकला गिळत असे. उबळ आली की पदराचा बोळा तोंडात धरायची, डोळे मिटायची, खांदे थरथरायचे, आणि आवाज म्हणून काही बाहेर यायचा नाही. सासरी माडीवर पुरुषमाणसं बसलेली असत. सुनेचा खोकला वरपर्यंत जाऊ नये म्हणून तिनं ती सवय लावून घेतली होती. माहेरी आल्यावरही ती सुटली नाही. सवयीला कुठं कळतं घर बदललं ते.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला नंदुरबारच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा पाहिजे, डोंगरावर न्या, तोरणमाळला न्या. तोरणमाळ आमच्या अंगणातून दिसायचं, सातपुड्याच्या निळ्या रेघेत कुठंतरी, पण तिथं जायची वाट जंगलातली, पायी, आणि वर गेल्यावर राहायचं कुठं? मग तळोद्याच्या वैद्यांकडे गेले. त्यांनी औषधी दिल्या, आणि सांगितलं की रोग्याच्या जवळ शेळी बांधा, तिचं दूध द्या, तिचा वास येऊ द्या. डॉक्टरची हवा आणि वैद्यांची शेळी अशी दोन्ही डोक्यात घेऊन आबा परतले.  तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “जिजीले डांगरवाडीमा ठेवू.”

माय, माझी आई, वाढता वाढता थांबली. “जित्ता माणूसले रेतीवर लई जातस का कोनी?”

तिच्या म्हणण्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. आमच्या गावचं मसणही वाळूतच होतं, उताराच्या खालच्या अंगाला. माणूस वाळूवर न्यायचं ते शेवटचं.

“आपन वरला आंगे ठेवू. सुका भोईनी वाडी शे तठे.”

“लोके काय म्हनतीन?”

“म्हनू दे लोकेसले,” आबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. आबा कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारा माणूस. गावाचं ऐकायचं नाही असं त्यांनी माझ्या आठवणीत तेवढं एकदाच ठरवलं.

सुका भोई आणि त्याची बायको गजरी यांच्या झोपडीपासून थोडं अंतर ठेवून आबांनी आमची झोपडी बांधली. तुरखाट्यांच्या भिंती, वर झाऊच्या झुडपांच्या फांद्या आणि गवत. दार नव्हतंच, पूर्वेला नुसती उघडी बाजू. जिजीची बाज त्या उघड्या बाजूला. मी आणि आबा सोबतीला. शेळी कुडाला बांधलेली. शेळी मोठी तोऱ्याची होती, तिला आम्ही पाटलीण म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात ती दोर तोडून गजरीच्या वेलांवर गेली आणि गजरी उठत-बसत भांडायला आली. “तुन्ही पाटलीन मन्ह्या येली खाई गयी. वैदबुवाले सांग, तेन्हा मळा नही म्हनीसन त्यानी शेळी सांगी.” जिजी बाजेवर पडल्या पडल्या हसली. माहेरी आल्यापासून मी तिला प्रथम हसताना पाहिलं, आणि ते हसू शेळीमुळे आलं म्हणून वैद्यांना मी आजही दोष देत नाही.

त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. आठवतात ते वास आणि स्पर्श. पहाटे पाण्यावरून धुकं सरकत यायचं आणि केसांवर बसायचं. टिटव्या ओरडायच्या. उथळ पाणी गोट्यांवरून जायचं त्याचा आवाज दिवसभर असायचा, म्हणून तो ऐकू येणं बंद व्हायचं. आणि गावात काही कामाला गेले की कानात पोकळी वाटायची. उन्हं चढली की वाळू वरून तापायची, पण बोटभर खाली गार. झाऊचं जळण ओलसर जळायचं, त्याच्या धुराला एक कडवट गोडी असे आणि तो धूर राहायचा कुठं? छपरच नव्हतं म्हणण्यासारखं. चुलीचा धूर डोळ्यांत न जाता निघून जातो, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. फाल्गुन सरता सरता वेलांखाली खरबुजं पिवळी पडू लागली. तो वास आधी फक्त सकाळी यायचा, मग दुपारी, मग सगळा दिवस, इतका की भाकरीला, दुधाला, जिजीच्या लुगड्याला तोच वास.

गजरी वाईट नव्हती आणि देवीही नव्हती. ती रोज जिजीसाठी एक काकडी काढून आणायची, पण कुडाबाहेरून हात लांब करून द्यायची. पाणी प्यायला आमच्यासाठी तिच्या मडक्यावर मातीचे दोन लोटे असत, त्यातला एक कुडाच्या खुंटीवर वेगळा टांगलेला. एकदा जिजी तिला शांतपणे म्हणाली, “मन्हा लोटा तू येगळा ठेवस. माले माहित शे.”

गजरीचं तोंड उतरलं. “राग नको धरू, जिजी. घरमा लहाना पोरे शेतस.”

“राग कसाना? मी बी तेच करती.”

त्या दिवसानंतर दोघी मोकळेपणी बोलू लागल्या. लोटा वेगळाच राहिला. गजरी कुडाशी अंतर ठेवून बसायची आणि आपल्या सासूच्या तक्रारी सांगायची, जिजी स्वतःच्या सासूबद्दल चांगलंच सांगायची, आणि गजरी म्हणायची की तुझी सासू चांगली असेल तर बदलून घेऊ.

आणि खोकला. पहिले काही दिवस जिजी तिथंही पदराचा बोळा धरायची. मग एका दुपारी उबळ आली तेव्हा पदर हाताशी नव्हता, नेसल्या नेसल्या धुऊन पाठीमागच्या कुडावर पसरला होता. ती खोकली. मोठ्यानं, छाती फुटेलसं वाटावं इतकं. मी धावले. आबा चरातून उठून उभे राहिले. तो आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला, तिथं एक गुराखी पाणी पाजत होता, त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला काय पडलं होतं? जिजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर तिनं पदर तोंडाला लावणं सोडलं. खोकायची ती पोटभर खोकायची, थुंकायची, वाळूनं झाकायची, आणि थकून झोपायची. कधी कधी मला वाटतं, तिला बरं वाटू लागलं ते त्या दुपारपासून. हवा कुठली आणि शेळी कुठली, तिथं तिचा खोकला ऐकून कुणी कपाळाला आठ्या घालत नव्हतं.

तिचे पाय मात्र कायम थंड असायचे. उन्हाळा वाढला तरी थंड. एका संध्याकाळी मी त्यांना तेल चोळत होते तेव्हा जिजी म्हणाली, बाजेवरून खाली बसव. खाली बसली आणि पाय वाळूत घातले. दिवसभराचं ऊन त्या वाळूत होतं. मी दोन्ही हातांनी घोट्यांपर्यंत वाळू लोटली.  थोड्या वेळानं ती म्हणाली, “धाकली, असं वाटस, कोनीतरी खालून पाय धरी ऱ्हायनं.” मग ते रोजचंच झालं. सूर्य सातपुड्याकडे कलला की आम्ही दोघी पाय वाळूत पुरून बसायचो आणि आबा पाटलिणीचं दूध काढायचे.

मायला वाळूत उतरायचं नव्हतं. ती रोज दुपारी कळण्याची भाकर आणि पातळ वरण घेऊन काठापर्यंत यायची, वरच्या बाभळीखाली उभी राहायची आणि हाक द्यायची. मी चढून जाऊन डबा आणायची. ती डोक्यावर पदर घेऊन तिथूनच बघत राहायची. मसणाची वाळू आणि ही वाळू तिच्यासाठी एकच होती. चैत्रात एक दिवस तिनं वरून पाहिलं की जिजी चालते आहे. बाजेपासून पाण्यापर्यंत, हळूहळू, गजरीच्या वेलांना ओलांडून. माय डबा हातात घेऊन उतरली. वाळूत चालायची सवय नसल्यानं तिचे पाय रुतत होते, चपला हातात घेऊन ती आली आणि जिजीच्या समोर उभी राहिली. तिनं जिजीच्या गालांना, दंडांना हात लावून पाहिला. “मांस उनं वं आंगवर,” एवढंच म्हणाली. आम्ही तिला पाय वाळूत घालून बस म्हटलं. ती बसली नाही. खाली बसायला तिला अजून भीती वाटत होती. पण त्या दिवशी तिनं परतताना चपला काठावर चढल्यावरच घातल्या.

आता नाशिकपुण्याकडे म्हणे अशा रोग्यांसाठी मोठमोठ्या इमारती आहेत, ओळीनं खाटा, उघडे व्हरांडे. मास्तरांनी वर्तमानपत्रातून मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, आमच्या जिजीला वाळवंटात हे सगळं मिळालं होतं. ते म्हणाले, मग ती वाचायला हवी होती. मास्तर वाईट मनानं बोलले नाहीत. संबंध लावत होते. मी उठून चुलीशी गेले.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. दिवाळीला लेक आली नाही तर चालतं, आखाजीला आली नाही तर घराला काहीतरी झालं असं समजतात. निंबाच्या झाडांना झोके बांधतात, सासुरवाशिणी चार दिवस डोक्यावरचा पदर पाडून हिंडतात, गौराई बसते, आणि पितरांची घागर भरून तिच्यावर खरबूज ठेवतात. ते खरबूजही डांगरवाडीतलंच.

माय आबांना म्हणाली, “आखाजीले आंडेर घरमा नही म्हंजे काय? गावमा शे आनि घरमा नही? मी जेन्हातेन्हा तोंडले काय उत्तर देऊ?”

आबा म्हणाले, “अजून महिनाभर ऱ्हाऊ दे.”

“चार दिनना सन शे. चार दिनमा काय व्हस?”

हे चार दिवस आम्हाला सगळ्यांनाच हवे होते, हे खरं. मायला गावाला दाखवायचं होतं की वाळूवर नेलेली माझी लेक पायांनी चालत घरी आली. मला झोके हवे होते. आणि जिजीला? आबांनी तिलाच विचारलं. ती बाजेवर बसून काकडीच्या चकत्या करत होती. “माले बी झोकावर बठनं शे, आबा,” म्हणाली. तिचा चेहरा मला दिसतो. पंचविशीही न गाठलेली बाई होती ती, तिला झोका हवाच असणार.

आबांनी गाडी जुंपली नाही. जिजी चालतच घरी आली. काठ चढताना एकदा बसली, तेवढंच. सुकानं घागरीसाठी मळ्यातलं सगळ्यात मोठं खरबूज दिलं, ते मी डोक्यावर घेतलं होतं. गावात शिरताना बायका दारात आल्या. माय पुढं चालत होती आणि तिची मान अशी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

त्या आखाजीला जिजी झोक्यावर बसली. दोघी मैत्रिणींनी दोन बाजूंनी धरून बसवली आणि हलकेच झोका दिला. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं. गालांवर लाली होती. पाहणाऱ्याला वाटलं असतं, या बाईला कधी काही झालंच नव्हतं.

आणि पाहणारे होतेच. आखाजी झाली की सासरची माणसं लेकींना न्यायला येतात, तशी जिजीच्या घरचीही गाडी आली. जिजीचे यजमान आणि तिची सासू. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सून झोके घेते आहे. सासूनं जिजीला जवळ घेतलं, अलाबला घेतली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘बरी झाली की धाडा’ असं सांगून पाठवलं होतं, आणि आता ती समोर बरी दिसत होती. आबांनी डोकं खाजवलं, म्हणाले, वैद्यांनी पावसाळ्यापर्यंत सांगितलंय. जवाई म्हणाले, आमच्याकडे काय हवा नाही का?  तुमच्या घरची हवा वाईट आहे असं आबांनी जावयाला कसं सांगायचं? आणि लेक बरी झाली हे मायनं सगळ्या गावाला सांगून झालं होतं. आता ती आजारी आहे म्हणून ठेवून घ्यायची तर ते सांगणं खोटं ठरत होतं.

जिजी गाडीत बसताना मला म्हणाली, “गजरीले सांग, मन्हा लोटा फोडी टाक.” हसतच म्हणाली. मी सांगायला गेले नाही. तिच्या जाण्यानं मला घराबाहेर पडवत नव्हतं.

ज्येष्ठात आबा तिला पाहायला गेले, मी बरोबर. त्यांनी तिला मधल्या खोलीत ठेवलं होतं. त्या खोलीला एकच दार आणि ते माजघरात उघडणारं. शेजारी चूल, पलीकडे मागच्या हंगामाचा कापूस. दारावर गोणपाट टांगलेलं. मला आत गेल्यावर तिचा चेहरा दिसेपर्यंत थोडा वेळ लागला. सासू म्हणाली, “बाहेर वारा शे भाऊ. वारा लागी जाई तिले. मझार बरी शे ती.” ती हे मायेनंच म्हणाली. तिनं आपल्या हातांनी ते गोणपाट शिवलं होतं, खोलीतल्या फटी शेणानं बुजवल्या होत्या. सगळं घर जिजीला वाऱ्यापासून वाचवत होतं.

जिजीनं पदर तोंडात धरला होता. उबळ गेल्यावर पदर काढला आणि आबांना म्हणाली, “आबा, मन्हा पाय थंडा पडतस. तठली थोडी रेती लई या.”

आबा उठले. पाणीही प्याले नाहीत. आम्ही गावी पोहोचलो तोवर संध्याकाळ होत आली होती, आणि ते घरी न जाता सरळ नदीवर गेले. गजरीचा संसार काठावर आलेला होता, मडकी, बाज, तुरखाट्यांच्या मोळ्या. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी गढूळ होऊन वाळूवर चढत होतं. आमच्या झोपडीची जागा अजून कोरडी होती. आबांनी तिथं बसून गोणी भरली. ओंजळीनं भरली, फावडं काठावर पडलेलं होतं तरी. सुका आणि मी बघत उभे होतो. गोणी पाठीवर घेऊन ते वर चढले आणि दुसऱ्या दिवशी चिखलातून गाडी काढली.

“रेती कसाले?” असं सासूनं विचारलं खरं, पण सांगितल्यावर तिनंच घमेलं आणलं, स्वतः चुलीवर तव्यात वाळू भाजून त्यात ओतली, हात घालून चटका बसत नाही ना ते पाहिलं. जिजीला भिंतीला टेकवून बसवलं. तिनं पाय घमेल्यात घातले. मी वाळू लोटली. त्या खोलीत ऊन नव्हतं, पाण्याचा आवाज नव्हता, चुलीचा धूर होता. जिजीनं डोळे मिटले. डोळे न उघडता तिनं विचारलं, “पाटलीन आते कोठे शे?”

“गोठामा बांधेल शे. माय तिले चारा देस.”

“दूध देस का?”

“देस.”

ती म्हणाली, “मंग तू पी.” आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

आषाढात ती गेली. त्यांच्या गावच्या ओढ्याकाठी ओल्या लाकडांवर तिला अग्नी दिला, आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. परत निघताना सासूनं वाळूची गोणी गाडीत ठेवायला लावली. तिला ती घरात ठेववत नव्हती आणि टाकवतही नव्हती. तापी दुथडी होती त्या दिवशी. जिथं जिजी पाय पुरून बसायची तिथं दोन पुरुष पाणी असेल. आबांनी गोणी नदीत सोडली नाही. कोठारात कणगीमागे ठेवली आणि ते असेपर्यंत ती तिथंच होती.

मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात मायला बोल लावला. मग आबांना, मग त्या खोलीला, त्या गोणपाटाला. माझी मुलं मोठी झाली तसा तो राग विरत गेला, आणि त्याजागी एक साधी गोष्ट उरली की आखाजी झाली नसती तरी ज्येष्ठ येणारच होता. नदी येणारच होती. वाळूनं तिला पावसाळ्यापर्यंतचंच घर दिलं होतं. पण तेवढं तरी तिला पूर्ण मिळायला हवं होतं, हे दुःख मात्र विरत नाही, आणि मी ते विरवायचा प्रयत्नही सोडला आहे.

आबा गेल्यावर माय आमच्याकडे नंदुरबारला राहायला आली. सामानात एक मडकं होतं, तोंड फडक्यानं बांधलेलं. “फुटाने भुंजाले रेती शे,” म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं एकदाही फुटाणे भाजले नाहीत. मडकं फडताळाखाली राहिलं.  आखाजीला मात्र ती घागरीवर खरबुजाऐवजी सांजोरी ठेवायची, आणि मास्तर संबंध विचारायच्या बेतात असले की मी त्यांना बाजारात पाठवायची.

या पौषात मायला ताप आला. उतरला, पण ती उठली नाही. मी दुपारी तिची बाज अंगणात उन्हात काढायची. एका दुपारी पाय चोळताना लक्षात आलं, ऊन असूनही ते थंडगार आहेत. माझा हात थांबला. मायनं ते ओळखलं असावं. “ती रेती काढ,” म्हणाली.

मी मडकं आणलं. फडक्याची गाठ इतकी आवळलेली होती की कापावी लागली. वाळू घमेल्यात ओतून उन्हात ठेवली, आणि तापल्यावर मायला बाजेच्या कडेशी बसवून तिचे पाय आत सोडले. जी बाई डांगरवाडीत कधी खाली बसली नाही, तिनं डोळे मिटून घेतले आणि लांब श्वास सोडला. मी समोर बसून दोन्ही हातांनी वाळू लोटू लागले, तशीच, घोट्यांपर्यंत. तेव्हा तिनं दोन्ही पाय घमेल्याच्या एका कडेला सरकवून घेतले. मी त्यांना मध्ये आणू लागले तर माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “तेवढी जागा तिले ऱ्हाऊ दे.”

मी हात काढून घेतला. ऊन जाईपर्यंत आम्ही तशाच बसलो, आणि घमेल्यातली ती अर्धी वाळू मी हलवली नाही.